ऑर्डरच्या ओळीवरचे तीन ठिपके

मोबाइल ॲपमध्ये तीन ठिपक्यांचा पॉपअप मेन्यू घालणं हे काही मोठं काम नाही. एक छोटी मेन्यू फाइल, एक बटण आणि कोटलिन भाषेतल्या कोडच्या आठ-दहा ओळी. पण दुकानदारीच्या ॲपमधले चीड आणणारे बरेचसे बग याच मेन्यूपाशी सापडतात. मेन्यू उघडला एका ऑर्डरवर आणि रद्द झाली भलतीच, हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा. मेन्यू दिसतो कसा हे कुठेही वाचायला मिळतं. तो नेमका कोणत्या ओळीचा आहे हे पक्कं कसं करायचं, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून या पोस्टमध्ये भर त्यावरच आहे.

उदाहरण आपल्या सोलापूरचंच घेऊ. चादरी-टॉवेलचं घाऊक दुकान, चाटी गल्लीत गल्ला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गोदाम. ॲपमध्ये ऑर्डरींची यादी. दर ओळीत पार्टीचं नाव, गाव, नग, बाकी रक्कम आणि टोकाला तीन ठिपके. एक फोन गल्ल्यावर, दुसरा गोदामात, आणि दोन्हीकडे तीच यादी सिंक होते. बोलणं अँड्रॉइडबद्दल आहे, शेवटी थोडं फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनचं ॲप बनवायचं साधन). क्लास आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करायला लागलात की अँड्रॉइड स्टुडिओ मूळ स्पेलिंग सुचवतोच.

आधी मेन्यूत काय घालायचं ते. बऱ्याच ॲपमध्ये हा मेन्यू म्हणजे माळा झालेला असतो, जागा मिळाली नाही ते सगळं वर टाकलेलं. आमचा नियम साधा आहे: जे काम दिवसभर होतं ते ठिपक्यांच्या आड जाता कामा नये. 'पैसे जमा' हे काम गल्ल्यावर सतत चालू असतं, त्याला ओळीतच स्वतंत्र बटण हवं. मेन्यूत जातील ती अधूनमधूनची कामं: 'बिल पाठवा', 'ऑर्डर बदला', 'चलन छापा' आणि अगदी खाली 'ऑर्डर रद्द करा'. चार-पाच पर्याय ठीक. सातच्या पुढे गेलात तर लहान स्क्रीनवर मेन्यू सरकवावा लागतो आणि खालचा पर्याय आहे हेच कुणाला कळत नाही. तेवढे पर्याय खरोखर लागत असतील तर पॉपअपचा हट्ट सोडून बॉटम शीट (स्क्रीनच्या तळातून वर येणारी पाटी) वापरा. एका हातात चादरीचा गठ्ठा असताना अंगठा खालीच पोचतो.

दाबून धरलं की उघडणारा कॉन्टेक्स्ट मेन्यू हाही एक मार्ग आहे, पण तो एकटा कधीच ठेवू नका. दाबून धरायचं असतं हे ओळीवर कुठेही लिहिलेलं नसतं. ठिपके आहेत आणि शिवाय दाबून धरलं तरी तोच मेन्यू येतो, इतपत चालेल.

आता बांधणी. प्रोजेक्टच्या रेस फोल्डरवर राइट क्लिक करून नवीन अँड्रॉइड रिसोर्स डिरेक्टरी घ्या आणि प्रकार 'मेन्यू' निवडा. फोल्डरचं नाव स्वतःच्या मनाने ठेवलं तर बिल्डच होत नाही. आतल्या फाइलच्या नावात लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. मोठं अक्षर किंवा हायफन आला की बिल्ड तिथेच थांबतो. फाइलमध्ये 'मेन्यू' हा बाहेरचा टॅग, त्यात दर पर्यायाला एक 'आयटम', आणि आयटमला आयडी व टायटल. टायटलमध्ये थेट मजकूर लिहू नका, स्ट्रिंग रिसोर्सचा संदर्भ द्या. का ते भाषांच्या भागात कळेलच.

ओळीच्या लेआउटमध्ये इमेज बटण घ्या, रुंदी-उंची दोन्ही ४८ डीपी (हे माप सगळ्या स्क्रीनवर साधारण सारखंच दिसतं). आयकॉन २४ डीपीचा असतो, चारी बाजूंना १२ डीपी पॅडिंग दिलं की हिशोब बसतो. आयकॉन नाजूक दिसावा म्हणून बटणच २४ डीपीचं करणारे पुष्कळ आहेत. मग ठिपक्यांवर मारलेला टॅप ओळीवर पडतो, ऑर्डरचं पूर्ण पान उघडतं आणि माणूस म्हणतो ॲप बिघडलंय. पार्श्वभूमीला 'सिलेक्टेबल आयटम बॅकग्राउंड बॉर्डरलेस' लावा म्हणजे दाबल्याची गोल लहर दिसते.

बटणाच्या कन्टेन्ट डिस्क्रिप्शनमध्ये नुसतं 'पर्याय' लिहू नका. टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्याला यादीतून खाली जाताना 'पर्याय, पर्याय, पर्याय' एवढंच ऐकू येतं. ओळ बाइंड होताना, म्हणजे तिच्यात ऑर्डरची माहिती भरली जाताना, तिथे पार्टीचं नाव जोडून 'अमुक पार्टीच्या ऑर्डरचे पर्याय' असं वाक्य बसवा. कोडच्या एका ओळीचं काम आहे.

क्लिकवर 'पॉपअपमेन्यू'चा ऑब्जेक्ट बनवायचा. त्याला दोन गोष्टी लागतात, कॉन्टेक्स्ट (थीम आणि मजकूर जिथून मिळतो तो ऑब्जेक्ट) आणि अँकर व्ह्यू. अँकर म्हणजे तेच ठिपक्यांचं बटण. मेन्यू त्याच्याखाली उघडतो आणि खाली जागा नसेल तर आपोआप वर. मग 'इन्फ्लेट'ला मेन्यू फाइल द्या, 'सेट ऑन मेन्यू आयटम क्लिक लिसनर' लावा आणि शेवटी 'शो'. लिसनर म्हणजे पर्याय दाबल्यावर चालणारा कोड. त्यातून, पर्याय हाताळला असेल तर 'ट्रू' परत करायचं. 'शो' विसरला तर काहीच होत नाही आणि एररही येत नाही, त्यामुळे मेन्यू दिसत नसेल तर आधी तेच तपासा.

याच टप्प्यावर चार जागी पाय घसरतो.

पॉपअपमेन्यू नावाचे क्लास दोन आहेत, एक प्लॅटफॉर्मच्या 'विजेट' पॅकेजमधला आणि एक ॲपकॉम्पॅटचा (जुन्या फोनवरही नव्या सोयी देणारी लायब्ररी). ऑटो-इम्पोर्ट करताना कोणता आला ते बघा. जुन्या-नव्या फोनवर एकसारखं रूप हवं असेल तर ॲपकॉम्पॅटचा घ्या. एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरा असं झालं तर एकाच ॲपमध्ये दोन तऱ्हेचे मेन्यू दिसतात.

कॉन्टेक्स्ट म्हणून बटणाचाच कॉन्टेक्स्ट द्या. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट दिला तर ॲक्टिव्हिटीची (ॲपच्या त्या पानाची) थीम मेन्यूपर्यंत पोचत नाही. डार्क थीममध्ये पांढऱ्या पाटीवर फिकट अक्षरं दिसायला लागली की बहुधा हेच कारण असतं.

नवीन माणसाला दाखवावं म्हणून 'ऑन क्रिएट'मध्येच (पान तयार होत असतानाच) मेन्यू उघडायला गेलात तर ॲप 'बॅड टोकन एक्सेप्शन' देऊन पडतं, कारण तोवर बटण खिडकीला जोडलेलंच नसतं. तसं करायचंच असेल तर बटणावर 'पोस्ट' करून त्यात 'शो' बोलवा.

आणि जुन्या जावा प्रोजेक्टमध्ये आयटमच्या आयडीवर 'स्विच-केस' लिहिलेलं असेल तर अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (ॲप बिल्ड करणारं साधन) ८.० वर गेल्यावर 'कॉन्स्टंट एक्स्प्रेशन हवं' अशी तक्रार येते. त्या आवृत्तीपासून रिसोर्स आयडी मुळात फायनल राहत नाहीत. 'इफ-एल्स' करा; कोटलिनच्या 'व्हेन'ला हा त्रास नाही.

आता मुख्य गोष्ट. मेन्यू एकदा उघडला की तो काही क्षण स्क्रीनवर राहतो. माणूस वाचतो, विचार करतो, समोरच्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलतो. तेवढ्यात गोदामातल्या फोनवरून नवीन ऑर्डर पडते आणि गल्ल्यावरच्या यादीत ती सगळ्यात वर येऊन बसते. सगळ्या ओळी एकेक खाली सरकतात. मेन्यू तिसऱ्या ओळीवर उघडला होता. तिसऱ्या जागी आता दुसरीच पार्टी आहे. लिसनरमध्ये 'पोझिशन' (ओळीचा यादीतला क्रमांक) वापरून यादीतून ऑर्डर काढत असाल तर रद्द होणारी ऑर्डर चुकीची. एकट्या फोनवर टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते, गिऱ्हाइकांची रीघ लागते, तेव्हा हमखास दिसतं.

रिसायकलर व्ह्यूमध्ये (सरकत्या यादीत त्याच ओळी पुन्हा वापरणारा व्ह्यू) यावरची बांधणी अशी. क्लिक लिसनर 'ऑन क्रिएट व्ह्यू होल्डर'मध्ये एकदाच लावा. 'ऑन बाइंड'मध्ये लावून तिथला 'पोझिशन' पॅरामीटर लॅम्डात पकडून ठेवला की तो शिळा होतो. वरची एक ओळ काढली तरी खालच्या ओळी पुन्हा बाइंड होतातच असं नाही. क्लिक झाल्यावर होल्डरला 'बाइंडिंग ॲडॉप्टर पोझिशन' विचारा. जुनं 'गेट ॲडॉप्टर पोझिशन' आता डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नये असं ठरवलेलं, आहे. उत्तर 'नो पोझिशन', म्हणजे उणे एक, आलं तर काहीही न करता परत फिरा. यादी नुकतीच पूर्ण बदलली असेल आणि नवा लेआउट व्हायचा असेल तर हे उत्तर येतं, आणि तसंच पुढे गेलात तर ॲप पडतं. पोझिशन मिळाली की लगेच, मेन्यू दाखवायच्या आधी, त्या ऑर्डरचा आयडी एका व्हॅलमध्ये (न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) काढून घ्या. मेन्यूच्या लिसनरमध्ये फक्त हा आयडी जाईल. पोझिशनचा विषय तिथे संपला. व्ह्यूमॉडेलला (पानाचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासला) 'हा आयडी रद्द कर' असं सांगायचं, 'तिसरी ओळ रद्द कर' असं नाही.

आयडी म्हणजे डेटाबेसमधली प्रायमरी की. बिल नंबर वापरायचा मोह होतो, पण दोन्ही फोन ऑफलाइन असताना दोघांनी एकच बिल नंबर दिलेला असू शकतो. ऑर्डर तयार होते त्या फोनवरच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब आयडी) बनवला तर हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक पायरी बरेच जण गाळतात. मेन्यू उघडा असताना ती ऑर्डर दुसऱ्या फोनवरून आधीच रद्द झाली असेल तर? मेन्यूने पाठवलेला आयडी बरोबर आहे, पण स्थिती बदललेली आहे. म्हणून रद्द करायच्या क्वेरीतच अट घाला: आयडी हा आणि स्थिती 'चालू' असेल तरच. रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीत अपडेट क्वेरीने बदललेल्या ओळींची संख्या परत देता येते. ती शून्य आली तर 'ही ऑर्डर आधीच रद्द झाली आहे' असं सांगा. ही तपासणी फोनवरच्या डेटाबेसपुरती झाली, सर्व्हरवरही तीच अट हवी. तेवढ्याने गोदाम आणि गल्ला यांच्यातली निम्मी भांडणं मिटतात.

मेन्यूतले पर्याय ऑर्डरच्या स्थितीप्रमाणे बदलायचे असतील तर 'इन्फ्लेट' झाल्यावर आणि 'शो'च्या आधी बदला. 'फाइंड आयटम'ने पर्याय मिळवा आणि त्याला 'व्हिजिबल' किंवा 'एनेबल्ड' फॉल्स करा. लपवायचा की मंद करायचा? ज्याला तो अधिकारच नाही त्याच्यापासून पूर्ण लपवा. गोदामातल्या माणसाला 'रद्द करा' दिसायचं कारण नाही. पण जो पर्याय आत्ता चालत नाही आणि उद्या चालेल, तो मंद करून जागेवरच ठेवा. लपवला की खालचे पर्याय वर सरकतात. रोज वापरणाऱ्याचा अंगठा वाचून जात नाही, जागेवर जातो. 'चलन छापा' लपलं की त्याच्या जागी 'रद्द करा' येऊन बसतं, मग पुढचं सांगायला नको. मंद पर्यायाची एक अडचण मात्र आहे. मटेरियलमध्ये (गूगलच्या डिझाइनच्या नियमांत) त्याची अपारदर्शकता ३८ टक्के असते. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात टेम्पोत माल भरताना फोन तापतो, स्वतःहून ब्राइटनेस कमी करतो, आणि ती अक्षरं अक्षरशः गायब होतात. बाहेर वापरायच्या ॲपमध्ये पर्याय चालू ठेवून, दाबल्यावर 'माल निघाल्याशिवाय चलन निघत नाही' असं कारण दाखवणं जास्त बरं पडतं.

'रद्द करा' नेहमी शेवटी, आणि वर एक रेघ. रेघेसाठी तो पर्याय वेगळ्या 'ग्रुप'मध्ये टाका, ग्रुपला स्वतःचा आयडी द्या आणि 'मेन्यूकॉम्पॅट'चं 'सेट ग्रुप डिव्हायडर एनेबल्ड' ट्रू करा. प्लॅटफॉर्ममध्ये ही सोय एपीआय २८ (अँड्रॉइड ९) पासून आहे. ग्रुपला आयडी दिला नाही तर रेघ येत नाही. अक्षरं लाल हवी असतील तर टायटल 'स्पॅनेबल स्ट्रिंग' करून त्यावर 'फोरग्राउंड कलर स्पॅन' लावा. पण लाल रंगावर एकट्याने भिस्त नको, सगळ्यांना तो रंग वेगळा ओळखता येत नाही. शब्दही स्पष्ट हवा: 'काढा' नको, 'ऑर्डर रद्द करा' हवं.

रद्द केल्यावर स्नॅकबारमध्ये 'परत आणा' द्यायची पद्धत आहे. स्नॅकबारचा 'लॉंग' कालावधी म्हणजे २७५० मिलिसेकंद, पावणेतीन सेकंद. गल्ल्यावर पावणेतीन सेकंदांत माणूस स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही. यादीतली टीप पुसण्यासाठी ते ठीक आहे. पैशांचा संबंध आला की सरळ डायलॉग दाखवा, आणि त्यात पार्टीचं नाव, नग, रक्कम सगळं लिहा. 'खात्री आहे का?' एवढंच विचारणाऱ्या डायलॉगवर लोक न वाचता 'हो' दाबतात. चुकीची ओळ धरली गेली असेल तर ती इथेच नावावरून लक्षात येते.

आयकॉनबद्दल थोडक्यात. मेन्यू फाइलमध्ये आयकॉन लिहिला तरी पॉपअपमध्ये तो दिसत नाही, हे ठरवून केलेलं आहे. 'सेट फोर्स शो आयकॉन' ट्रू केलं की दिसतो. प्लॅटफॉर्मच्या क्लासमध्ये ही सोय एपीआय २९ (अँड्रॉइड १०) पासून, ॲपकॉम्पॅटच्या क्लासमध्ये जुन्या फोनवरही. यासाठी रिफ्लेक्शन वापरून आतली खाजगी फील्ड उघडायची जुनी युक्ती अजूनही फिरते, तिच्या नादी लागू नका. डीबग बिल्डमध्ये चालते. रिलीज बिल्डमध्ये आरएट (आर८, कोड आटोपशीर करणारा कंपायलर) फील्डचं नाव बदलून टाकतो आणि युक्ती फसते, म्हणजे बिघाड नेमका गिऱ्हाइकाच्या फोनवर.

आता भाषा. सोलापुरात हा भाग पुरवणी म्हणून सोडून चालत नाही. मालक मराठी, पूर्व भागातला विणकर घरी तेलुगू बोलणारा, हिशोबनीस कन्नड, टेम्पोवाला उर्दू वाचणारा, आणि चौघांच्या फोनची सिस्टिम भाषा इंग्रजी. म्हणजे भाषा ॲपमध्येच निवडता आली पाहिजे आणि मेन्यूचे शब्द चारही भाषांत हवेत. रेसमध्ये व्हॅल्यूजचे चार वेगळे फोल्डर करायचे. एखादी स्ट्रिंग तेलुगू फोल्डरमध्ये राहून गेली तर ॲप पडत नाही, मुकाट्याने मूळ फोल्डरमधली दाखवतं. चार पर्याय तेलुगूत आणि एक इंग्रजीत, असा मेन्यू दिसतो. लिंट (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) याची तक्रार करतं. ती बंद करून ठेवू नका.

भाषा बदलायला 'ॲपकॉम्पॅट डेलिगेट'चं 'सेट ॲप्लिकेशन लोकेल्स' आहे. अँड्रॉइड १३ पासून ही सोय सिस्टिममध्येच आहे. त्याआधीच्या फोनवर निवड लक्षात राहावी म्हणून मॅनिफेस्टमध्ये (ॲपची मुख्य माहिती असलेल्या फाइलमध्ये) 'ऑटो स्टोअर लोकेल्स'ची नोंद करावी लागते, नाहीतर ॲप बंद करून उघडलं की पुन्हा इंग्रजी. त्या जुन्या फोनवर बदललेली भाषा ॲक्टिव्हिटीच्या कॉन्टेक्स्टलाच लागू होते. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टमधून स्ट्रिंग घेतली तर ती जुन्याच भाषेत येते. बटणाचा कॉन्टेक्स्ट द्या म्हटलं होतं त्याचं हे दुसरं कारण.

आणि एक सापळा असा की तो टेबलावर सापडतच नाही. प्ले स्टोअरवर ॲप बंडल चढवलं की स्टोअर भाषेप्रमाणे तुकडे करून फोनच्या सिस्टिम भाषांपुरत्याच स्ट्रिंग पाठवतं. फोनमध्ये फक्त इंग्रजी असेल तर तेलुगू शब्द फोनवर आलेलेच नसतात. केबलने टाकलेल्या एपीकेमध्ये सगळं नीट चालतं, स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये भाषा निवडूनही काही बदलत नाही. ग्रेडलच्या 'बंडल' ब्लॉकमध्ये 'लँग्वेज'खाली 'एनेबल स्प्लिट' फॉल्स करा. ॲप थोडं जड होतं, होऊ द्या.

उर्दू उजवीकडून डावीकडे. मॅनिफेस्टमध्ये 'सपोर्ट्स आरटीएल' ट्रू, आणि लेआउटमध्ये लेफ्ट-राइटऐवजी सगळीकडे स्टार्ट-एंड. पॉपअपमेन्यूला ग्रॅव्हिटी देत असाल तर 'राइट' नको, 'एंड' द्या. तीन ठिपके उलटायची गरज नाही, पण 'बिल पाठवा'च्या बाणाचं तोंड फिरलं पाहिजे. त्या ड्रॉएबलला 'ऑटो मिरर्ड' लावा. उर्दू येत नसली तरी तपासता येतं: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'फोर्स आरटीएल लेआउट डायरेक्शन' चालू करा आणि यादी उघडा. ठिपके डाव्या टोकाला गेले आणि मेन्यू तिथूनच उघडला तर काम झालं.

शब्दांची लांबीही बघा. मटेरियलच्या मापाप्रमाणे मेन्यूची रुंदी ११२ ते २८० डीपी. ॲपकॉम्पॅटच्या पॉपअपमध्ये टायटल एकाच ओळीत राहतं, मावलं नाही तर शेवटचा भाग दिसत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, कन्नड-तेलुगूतही तसंच. म्हणजे कापला जातो तो नेमका कामाचा शब्द: 'या ऑर्डरचं बिल व्हॉट्सॲपवर…' पुढे काय, पाठवा की पुसा? टायटल दोन-तीन शब्दांत बसवा. अँड्रॉइड १४ वर अक्षरांचा आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि वयस्कर मालक तो वाढवतातच, त्या मापावर एकदा बघाच. स्वतःचा लेआउट केला असेल तर उंची ४८ डीपी ठाम ठेवू नका, किमान उंची ४८ ठेवा. नाहीतर मराठीचे वरचे रफार-वेलांट्या आणि तेलुगूची खाली लोंबणारी जोडाक्षरं कापली जातात.

कंपोजमध्ये (एक्सएमएलऐवजी कोटलिनमध्येच स्क्रीन लिहायची नवी पद्धत) हेच काम वेगळ्या तऱ्हेने होतं. एक 'बॉक्स' घ्या, त्यात 'आयकॉन बटण' आणि त्याच्या शेजारी 'ड्रॉपडाउन मेन्यू'. बॉक्स गाळला तर मेन्यू बटणापाशी न उघडता पूर्ण ओळीच्या कडेला उघडतो. मेन्यूला 'एक्स्पांडेड' आणि 'ऑन डिसमिस रिक्वेस्ट' द्यायचं, आत दर पर्यायाला 'ड्रॉपडाउन मेन्यू आयटम'. पर्याय दाबला म्हणून मेन्यू आपोआप मिटत नाही. आयटमच्या 'ऑन क्लिक'मध्ये पहिली ओळ 'एक्स्पांडेड' फॉल्स करणारी हवी. जुन्या मटेरियलमध्ये आयटमच्या कंसात थेट मजकूर जायचा, मटेरियल ३ मध्ये 'टेक्स्ट' पॅरामीटर आहे. इम्पोर्ट मिसळले की कंपायलर भलत्याच जागी बोट दाखवतो.

'एक्स्पांडेड'ची स्टेट यादीच्या पातळीवर एकच बूलियन म्हणून ठेवली तर एका ओळीचे ठिपके दाबल्यावर दिसणाऱ्या सगळ्या ओळींचे मेन्यू एकदम उघडतात. ती स्टेट ओळीच्या आत 'रिमेंबर' करा, किंवा वर 'उघड्या ऑर्डरचा आयडी' ठेवा. आणि 'लेझी कॉलम'च्या (कंपोजमधल्या सरकत्या यादीच्या) 'आयटम्स'ला 'की' म्हणून ऑर्डरचा आयडी द्यायला विसरू नका. की नसेल तर 'रिमेंबर' केलेली स्टेट जागेला चिकटते, ऑर्डरला नाही. गोदामातून वर नवीन ऑर्डर आली की उघडा मेन्यू तिसऱ्या जागीच राहतो आणि त्याच्यातला 'रद्द करा' आता तिसऱ्या जागी आलेल्या नव्या पार्टीचा असतो. पोझिशनचाच बग, कपडे बदलून आलेला. 'की' दिली की स्टेट ऑर्डरबरोबर खाली सरकते.

खात्रीचा डायलॉग ड्रॉपडाउन मेन्यूच्या आत लिहू नका. मेन्यू मिटला की त्याच्यासकट डायलॉगही जातो. तो बॉक्सच्या बाहेर, स्वतःच्या स्टेटवर ठेवा. पर्यायांची यादी लांब आहे म्हणून मेन्यूच्या आत 'लेझी कॉलम' घालायला गेलात तर 'इन्ट्रिन्सिक मेजरमेंट'ची तक्रार करत ॲप पडतं. साधा 'फॉर ईच' लावा, मेन्यू स्वतःच सरकतो.

एस्प्रेसोने (अँड्रॉइडच्या स्क्रीनची आपोआप चाचणी करणारी लायब्ररी) टेस्ट लिहीत असाल तर पॉपअप वेगळ्या खिडकीत असतो हे लक्षात ठेवा. पर्याय सापडत नाही अशी तक्रार आली तर 'इन रूट'मध्ये 'इज प्लॅटफॉर्म पॉपअप' द्या. सरकणाऱ्या ओळीची टेस्टही लिहिता येते: मेन्यू उघडा, टेस्टमधूनच डेटाबेसमध्ये एक नवी ऑर्डर वर घाला, मग 'रद्द करा' दाबा आणि कोणता आयडी रद्द झाला ते तपासा. एवढी एक टेस्ट असली की बाकीच्या नसल्या तरी एकवेळ चालेल.

फ्लटरवाल्यांसाठी: 'पॉपअप मेन्यू बटण' हे विजेट बटण आणि मेन्यू दोन्ही सांभाळतं. 'आयटम बिल्डर'मध्ये 'पॉपअप मेन्यू आयटम'ची यादी, रेघेसाठी 'पॉपअप मेन्यू डिव्हायडर', आणि निवड 'ऑन सिलेक्टेड'मध्ये येते. मेन्यू बटणाच्या अंगावर उघडतो तो खाली हवा असेल तर 'पोझिशन'ला 'अंडर' द्या. दर आयटमला 'व्हॅल्यू' हवीच, आणि ती नल नको. नल असेल तर फ्लटर त्याला निवड न मानता मेन्यू सोडून दिला असं धरतं, 'ऑन सिलेक्टेड'ऐवजी 'ऑन कॅन्सल्ड' चालतं आणि पर्याय दाबूनही काही होत नाही. व्हॅल्यू म्हणून इनम वापरा. डायलॉग उघडायचा असेल तर आयटमच्या 'ऑन टॅप'मधून नको, 'ऑन सिलेक्टेड'मधून उघडा. जुन्या आवृत्त्यांत 'ऑन टॅप' आधी चालायचा आणि मग मेन्यू मिटताना वरचं पान काढलं जायचं. ते पान म्हणजे तुमचा नुकताच उघडलेला डायलॉग. डायलॉगच्या उत्तराची वाट पाहून पुढे कॉन्टेक्स्ट वापरत असाल तर आधी 'माउंटेड' तपासा. आणि इथेही यादीतल्या दर ओळीच्या विजेटला ऑर्डरच्या आयडीची 'व्हॅल्यू की' द्या.